पिल्लू शेळ्यांचे झाले पाहिजे

(नवी मुंबईत भरलेल्या सहायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून आपण आरोग्य शिबिरांबद्दल ऐकले, मुलींच्या शिक्षणाबद्दल ऐकले. आता माझा विषय ऐकून काहींना हसू येईल. मला कुत्र्याच्या पिल्लाबद्दल बोलायचे आहे.

मी वाड्यांवर शेळ्यांचे काम पाहते. शेळ्यांसाठी आपण मदत देऊ लागलात तेव्हापासून आपल्यापैकी अनेकांनी मला विचारले, "ताई, शेळ्या दिल्या, पण त्या राखणार कोण? जोडीला एखादा कुत्राही द्या ना." सूचना मनापासूनची आहे. तिच्या पाठोपाठ दुसरीही आली, "आमच्या सोसायटीत एकांना लॅब्रॅडोर सांभाळणे जमत नाही. तो वाडीवर पाठवू का?" पहिल्या सूचनेला माझे उत्तर हो आहे, पण काही अटींवर. दुसरीला नाही. ही दोन उत्तरे वेगळी का, एवढेच मला आज सांगायचे आहे.

शेळी गेली म्हणजे काय गेले

पनवेल, कर्जत, खालापूर, पेण, सुधागड या तालुक्यांतल्या वाड्या आपल्यापासून काही फार लांब नाहीत. तिथे ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी कुटुंबे राहतात. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. दुसरे दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. यांतल्या बहुतेक घरांत बँकेचे पुस्तक असले तरी त्यात शिल्लक नसते. शिल्लक असते ती गोठ्यात. बाळंतपणाला पैसे हवेत, पाट विकली. पोराला आश्रमशाळेत सोडायचे, बोकड विकला. घरावर पत्रे टाकायचे, दोन बोकड एकदम विकले. तीन शेळ्यांच्या घरातली एक गाभण शेळी गेली, तर पुढच्या वर्षाची सारी तजवीज गेली.

या शेळ्यांना धोका कुणाचा? बिबट्याचे नाव आधी येते, कारण त्याची बातमी होते. पण जंगलाच्या कडेला कोल्हाही आहे. खारघरच्या खारफुटीच्या बाजूला राहणाऱ्यांनी कोल्हेकुई ऐकली असेल. लहान करडू त्याला पुरते. तिसरा धोका आपल्याच ओळखीचा आहे, तो म्हणजे मोकाट कुत्र्यांची टोळी. रिसॉर्ट, ढाबे आणि शनिवार-रविवारची फार्महाऊसे यांच्या उष्ट्यावर ती वाढते. बंगला बंद करून मालक शहरात परतला की दारातला कुत्रा त्याच टोळीला मिळतो. बिबट्याने शेळी मारली तर वनविभागाकडून नुकसानभरपाई मागता येते. मोकाट कुत्र्यांनी फाडलेल्या शेळीला ती मिळत नाही.

लॅब्रॅडोरबद्दलचे माझे उत्तर इथूनच सुरू होते. माणसांच्या मांडीवर वाढलेला, शेळी कधीच न पाहिलेला मोठा कुत्रा वाडीवर सोडला तर तो एकतर माणसांच्या मागे फिरेल, नाहीतर टोळीत जाईल. राखण करायला पाठवलेलाच उद्या शेळीच्या मागे धावेल. त्यात त्या मुक्या जिवाचा दोष नाही. त्याला कुणी शेळ्यांचे होऊच दिलेले नाही.

मेंढपाळांचे जुने ज्ञान

कळपाचा कुत्रा ही काही नवी कल्पना नाही. ईयोबाच्या पुस्तकात तिसाव्या अध्यायाच्या आरंभी कळप राखणाऱ्या कुत्र्यांचा उल्लेख आहे. त्या काळीही मेंढरे होती तिथे कुत्री होती.

आपल्याकडे पाहायचे तर धनगरांचा वाडा पाहावा. फलटणच्या बाजूचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जातात. रात्री भाताच्या रिकाम्या खाचरात मेंढ्या बसवतात. शेताला खत मिळते, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. मेंढ्यांभोवती वाघूर, म्हणजे दोरीची जाळी, लावलेली असते आणि कडेला कुत्री बसलेली असतात. ही कुत्री बाजारातून आणलेली नसतात. तिथेच जन्मलेली असतात. कोकरे, कोंबड्या, लेकरे आणि पिल्ले एकाच तळावर, एकाच वासात वाढतात. देशावर या कुत्र्यांची गाठ लांडग्याशी असते, आणि तरीही ती पळून जात नाहीत. जाणार कुठे? त्यांचे घर चालते-फिरते आहे, आणि त्या घराचे नाव कळप.

चार्ल्स डार्विन हा निसर्गशास्त्रज्ञ १८३३ साली आजच्या उरुग्वे देशाच्या प्रदेशात फिरत होता. तिथे त्याला मैलोनमैल माणूस नसलेल्या माळावर मेंढरांचा कळप आणि त्याला राखणारी एकदोन कुत्री दिसली. त्याने चौकशी केली आणि जे कळले ते आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले. पिल्लाला लहानपणीच आईपासून वेगळे करत. दिवसातून तीन-चार वेळा मेंढी धरून तिचे दूध पाजत. मेंढवाड्यातच त्याला लोकरीचे अंथरूण करत. इतर कुत्र्यांत किंवा घरातल्या मुलांत त्याला मिसळू देत नसत. मोठा झालेला असा कुत्रा रोज मांसाचा तुकडा घ्यायला मालकाच्या घरी येई आणि तुकडा मिळताच खाली मान घालून निघून जाई. घरची कुत्री त्याच्यावर धावून जात आणि तो पळे. पण एकदा का कळपाशी पोहोचला की तो वळून भुंकू लागे, आणि आता पळायची पाळी घरच्या कुत्र्यांची येई.

कुत्रा तोच. घराच्या दारात भित्रा आणि कळपाशी शूर. आपण जिथले आहोत तिथे उभे राहिले की बळ येते, हे माणसांइतकेच जनावरांनाही लागू आहे.

अमेरिकेत रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकापासून हजाराहून अधिक राखणदार कुत्री शेतकऱ्यांना दिली आणि त्यांचा अभ्यास केला. त्यांनी चांगल्या राखणदाराच्या तीन कसोट्या सांगितल्या. तो कळपाला इजा करत नाही, तो कळपाकडे लक्ष ठेवून त्याच्या जवळ राहतो, आणि संकट आले की मध्ये उभा राहतो. क्रम लक्षात घ्या. शौर्य तिसरे आहे. आधी विश्वास, मग सोबत, मग शौर्य.

त्याच देशातल्या नावाहो या आदिवासी समाजाची रीत १९८० च्या दशकात संशोधकांनी नोंदवली. नावाहो कुटुंबे कुठलीही नामांकित जात शोधत नव्हती. आपल्याकडच्या गावठी कुत्र्यासारखी मिश्र रक्ताची पिल्ले ती मेंढ्या-बकऱ्यांच्या वाड्यात वाढवत, आणि ती कुत्री कळप राखत. म्हणून महागड्या जातीच्या मागे लागू नका, ही माझी पहिली विनंती. कारवान कुत्रा देखणा असतो, पण तो शिकारीसाठी घडला आहे. शिकारी कुत्रा धावतो, राखणदार थांबतो. आपल्याला थांबणारा हवा. तो धनगरांच्या तळावर मिळेल, किंवा वाडीतच गोठ्याजवळ व्यालेल्या शांत कुत्रीच्या पिल्लांत मिळेल.

पहिले आठ आठवडे आणि पुढचे आठ

आता पिल्लू वाढवायचे कसे ते सांगते. वाडीवरच्या बायकांना मी हेच सांगते.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाच्या मनाचे दार उघडे असते. त्या काळात ते ज्यांच्याबरोबर झोपते, ज्यांचा वास घेते, ज्यांच्याशी खेळते, ते त्याचे गणगोत होतात. नंतर ते दार हळूहळू लागते. म्हणून पिल्लू आठ आठवड्यांचे झाले की आणावे. त्याआधी ते आईच्या दुधावर आणि भावंडांत हवे, कारण चावताना जोर किती लावायचा हे ते भावंडांकडूनच शिकते. त्याची आई स्वतःच शेळ्यांत राहणारी असेल तर निम्मे काम तिनेच केलेले असते.

आणल्या दिवशी पिल्लू थेट गोठ्यात जावे. घरात नाही, ओट्यावर नाही. गोठ्याच्या एका कोपऱ्यात बांबूच्या कामट्यांचे छोटे आवार करावे. पिल्लू त्यातून आत-बाहेर करू शकेल, पण शेळी आत येणार नाही, एवढी फट ठेवावी. पेंढ्याचे अंथरूण तिथेच, पाणी तिथेच, खाणेही तिथेच. खाणे बाहेर ठेवले तर शेळ्या पेज पिऊन टाकतात आणि पिल्लू उपाशी राहते. सुरुवातीला सोबतीला दूध तुटलेली करडे आणि एखादी शांत, वयस्क शेळी द्यावी. नुकत्याच व्यालेल्या शेळीजवळ पिल्लू सोडू नये. तिच्या एका धडकेत पिल्लू दगावू शकते.

दिवसातून दोनदा घरातल्या एकाच मोठ्या माणसाने गोठ्यात जाऊन पिल्लाला हात लावावा. कान पाहावेत, पंजे दाबावेत, तोंड उघडावे, दोरीची सवय लावावी. काही जण म्हणतात की माणसाने त्याला शिवूच नये. ते बरोबर नाही. ज्या कुत्र्याला धरता येत नाही त्याला लस टोचता येत नाही, आणि लस न टोचलेला कुत्रा वाडीला नको. ओळख हवी, पण लाड गोठ्यातच. ते मागे मागे घराकडे आले तर रागावू नये, मारू नये. उचलावे आणि शेळ्यांत नेऊन ठेवावे. दहा वेळा आले तर दहा वेळा ठेवावे.

सगळ्यात अवघड काय, सांगू? पोरांना आवरणे. वाडीतल्या लेकरांना खेळणी ती किती? त्यात हे गुबगुबीत पिल्लू. ती त्याला उचलून नेतात, स्वतःच्या ताटातली भाकर भरवतात, कुशीत घेऊन झोपतात. यात वाईट काय आहे? काहीच नाही. फक्त ते पिल्लू मग पोरांचे होते. पोरे शाळेत गेली की ते शाळेच्या दारात बसते आणि शेळ्या एकट्या रानात. म्हणून मुलांना नुसते 'हात लावू नका' म्हणून भागत नाही. त्यांना काम द्यावे. पाणी बदलणे, गोठा झाडणे, पिल्लू शेळ्यांजवळ झोपले की नाही हे रोज येऊन सांगणे. मुलांना जबाबदारी कळते.

आणि हीच गोष्ट आपल्यालाही लागू आहे. आपण वाडीला भेट देता तेव्हा पिशवीत बिस्किटे असतात. ती मुलांना द्या, पिल्लाला नको. पाहुण्यांच्या गाडीच्या आवाजाला जे पिल्लू धावत येऊ लागले, ते पुढे रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीकडे धावेल.

वांड वय

सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ कसोटीचा. अंगाने कुत्रा मोठा दिसतो, बुद्धीने पोरगाच असतो. करडांचे कान ओढतो, शेळ्यांना खेळ म्हणून पळवतो. बहुतेक घरे इथेच हरतात. "हा शेळ्या फाडणारा निघाला" म्हणून कुत्रा हाकलतात, किंवा साखळीला बांधतात. साखळीचा कुत्रा नुसता भुंकायला आणि चावायला शिकतो, शेळ्यांबरोबर राहायला शिकत नाही.

या काळात त्याला करडांजवळ एकटे सोडू नये. खोडी केली की त्याच क्षणी जरबेने 'नको' म्हणावे आणि बाजूला घ्यावे. तासाभराने दिलेली शिक्षा त्याला कळत नाही. जाणत्या शेळीने शिंगाने एक ठोसा दिला तर तो मात्र बरोबर कळतो. शेळी विण्याच्या वेळी पहिल्यांदा कुणीतरी जवळ थांबावे. कुत्र्याने पडलेली वार खाल्ली तर घाबरू नये, ते स्वाभाविक आहे. पण ओल्या करडाला त्याने तोंड लावता कामा नये. दीड-दोन वर्षांनी तो कुत्रा खरा राखणदार होतो. तोवर तो शिकाऊ उमेदवार आहे असे समजावे.

याच वयात भटकणे सुरू होते. कुत्रा शेतावर का थांबत नाही याची कारणे साधी आहेत. पोट भरत नाही, जोडीदार हवा असतो, शेळ्यांशी नाते जुळलेले नसते, किंवा दुसरीकडे कुणीतरी खायला घालते. उपायही साधेच. रोज ठरल्या वेळी गोठ्यातच पोटभर खाणे द्यावे. नाचणीची भाकर, भात, सुकटाचे पाणी, जमेल तेव्हा उकडलेले अंडे. पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेळेवर नसबंदी करावी. नसबंदी झालेला कुत्रा राखण कमी करत नाही, भटकतो मात्र कमी. उरुग्वेच्या मेंढपाळांनाही हे ठाऊक होते, डार्विनने तेही नोंदवले आहे. शेळ्या चरायला निघाल्या की गुराख्याने पिल्लाला सोबत न्यावे आणि चरणीच्या हद्दीने रोज फिरवावे, म्हणजे आपली सीमा त्याला कळते. आठवडी बाजाराला त्याला मागे येऊ देऊ नये.

तरीही फारच धावरा असेल तर लोढणे आहे. ओढाळ गुराच्या गळ्यात आपण लाकडाचा ओंडका अडकवतो ना, तसाच हलका लाकडी तुकडा पट्ट्याला बांधायचा. चालताना अडचण होत नाही, धावताना गुडघ्याला लागतो. काही आठवड्यांत शेळ्यांना पळवण्याची सवय मोडते. परदेशातले कुत्रे वाढवणारेही हाच उपाय करतात. आपल्याकडे तर त्याला शब्दही आहे आणि म्हणही. मात्र हे फक्त कुणी जवळ असताना करावे, कारण झुडपात अडकण्याची भीती असते.

बिबट्यासमोर पिल्लू ठेवू नका

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. कुत्रा बिबट्याला हरवेल या भ्रमात कुणी राहू नये. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या आहाराचा अभ्यास केला. तिथल्या बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशोबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. रात्री अंगणात बांधलेले पिल्लू म्हणजे बिबट्याला आमंत्रण.

म्हणून कुत्रा ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट गोठ्याचे दार. चारी बाजूंनी मजबूत जाळी किंवा भिंत, वर छप्पर, आणि आतून-बाहेरून घट्ट लागणारे दार. कारवीचा कूड बिबट्या सहज फाडतो, आणि छप्पर नसलेल्या गोठ्यात तो उडी मारून उतरतो. रात्री शेळ्या आत आणि कुत्राही शेळ्यांबरोबर आत. कुत्रा आतून भुंकतो, माणसे जागी होतात, दिवे लागतात, बिबट्या निघून जातो. दिवसा रानात कुत्रा आणि गुराखी दोघेही सोबत हवेत. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा बांधतात, कारण बिबट्या मानेला धरतो. तसा पट्टा आपल्या लोहाराकडून करून घेता येईल.

चांगला राखणदार क्वचितच झुंजतो. तो आधी दिसतो, मग भुंकतो, मग आडवा उभा राहतो. बहुतेक वेळा जनावर तिथूनच वळते. आफ्रिकेतल्या नामिबियात चित्त्यांसाठी काम करणारी एक संस्था १९९४ पासून शेतकऱ्यांना राखणदार कुत्री देते आहे. हेतू दुहेरी आहे. शेळ्या वाचल्या की शेतकरी चित्त्याला गोळी घालत नाही. आपल्याकडेही तेच खरे आहे. बिबट्याला १९७२ च्या कायद्याचे पूर्ण संरक्षण आहे. विष किंवा फास लावला तर वाडीतला माणूस तुरुंगात जातो. शेळी मेलीच तर तिला हलवू नये, ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवावे आणि पंचनामा करून घ्यावा. वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. तो प्रत्येक घरी लिहून लावण्याचे काम आपल्या युवक संघाने करावे.

लस, जंत आणि चावा

कुत्रा देणे म्हणजे त्याच्याबरोबर येणारे आजार रोखणेही आपल्याकडे आले. सहा ते आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्होची लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी दरवर्षी. डिस्टेंपर कुत्र्याकडून रानातल्या प्राण्यांनाही होतो, म्हणून ही लस जंगलासाठीही आहे. जंताचे औषध नियमित द्यावे. बोकड कापला की त्याचे यकृत, फुप्फुस आणि डोके कच्चे कुत्र्यापुढे टाकू नये. त्यातून पट्टकृमी कुत्र्यात जातात, कुत्र्याच्या विष्ठेतून शेळ्यांत आणि माणसांतही येतात. यकृतात पाण्याच्या गाठी होण्याचा आजार असाच होतो. उकळून घालावे किंवा खोल पुरावे. पशुसंवर्धन विभागाचे फिरते पथक १९६२ या क्रमांकावर बोलावता येते.

आणि कोणताही कुत्रा चावला, घरचा का असेना, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. चुना, हळद, मिरची काही लावू नये. रेबीजला लस आहे. आजार उमटल्यावर मात्र उपाय नाही.

माणसे थांबली तर कुत्रा थांबेल

बंधुभगिनींनो, आता मूळ मुद्द्याकडे येते. कुत्र्याने शेतावर थांबावे असे आपण म्हणतो. पण वाडीतली माणसे थांबतात का?

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. काही कोळशाच्या कामाला दूर जातात. पावसाळ्याच्या तोंडावर परततात. घरे बंद, वाडीत म्हातारी माणसे. आता विचार करा. जूनमध्ये आपण पिल्लू दिले, चार महिने ते छान वाढले, आणि ऐन वांड वयात त्याचे घर निघून गेले. शेळ्या नातेवाइकाकडे, कुत्रा रस्त्यावर. एका वर्षात आपलेच पिल्लू त्या टोळीत जाईल, ज्या टोळीपासून शेळ्या वाचवायला आपण ते दिले होते. आपल्या देणगीने वाडीचा एक शत्रू वाढवला असे होईल.

म्हणून माझी पहिली अट ही. ज्या घरात बारा महिने किमान एक धडधाकट माणूस राहतो, त्याच घरी पिल्लू द्यावे. ज्यांना वनहक्क कायद्याने आपल्या दळीच्या जमिनीचा हक्क मिळाला आहे आणि जे त्यावर नाचणी, वरी, भाजी करून वर्षभर टिकतात, अशी ठाकर कुटुंबे आहेत. तिथून सुरुवात करावी. दुसरी अट. जी कुटुंबे स्थलांतर करतात त्यांच्यासाठी वाडीचा एकत्र गोठा आणि एक पगारी राखणदार माणूस असावा. पाच घरांच्या शेळ्या, एक गुराखी, एक कुत्रा. मागे राहणाऱ्यांपैकी एखाद्या आजीला, एखाद्या अपंग तरुणाला त्यातून मानाचे काम मिळेल. तिसरी अट. पिल्लाबरोबर दोन वर्षांच्या लसी, जंताचे औषध, नसबंदी आणि खाण्याचा वाटा आपण उचलावा. ज्या घरात पोरांना दूध नाही, त्या घराला खाणारे आणखी एक तोंड देऊन आपण निघून येऊ शकत नाही.

आणि चौथी अट आपल्यासाठी आहे. पहिल्या वर्षी पाचच पिल्ले. अहवालात पाच हा आकडा लहान दिसतो, मला ठाऊक आहे. पन्नास पिल्ले वाटल्याचा फोटो छान येईल. पण वाटलेली पिल्ले मोजण्यात अर्थ नाही. दोन वर्षांनी संध्याकाळी किती कुत्री शेळ्यांबरोबर गोठ्यात शिरतात, ते मोजू या. पाचपैकी तीन शिरली तरी पुढच्या वर्षी दहा मागायला मी निःसंकोच येईन.

ज्यांना मदत करायची आहे त्यांनी पिल्लासाठी पैसे देण्याआधी गोठ्याच्या दारासाठी द्यावेत. ज्यांच्या घरी न सांभाळता येणारा कुत्रा आहे त्यांनी तो वाडीवर धाडू नये, इथेच त्याला चांगले घर शोधावे. आपल्या मंडळीत पशुवैद्य असतील तर त्यांनी वर्षातले चार शनिवार आम्हाला द्यावेत. आणि ज्यांच्याकडे यांपैकी काहीच नाही, त्यांनी वीटभट्टीच्या उचलीतून कुटुंबे कशी सुटतील या कामाला हात लावावा. शेळी हा त्याच सुटकेचा एक मार्ग आहे. दहा शेळ्या टिकल्या तर घर भट्टीवर न जाण्याचा विचार करू शकते. घर थांबले तर कुत्रा थांबतो, आणि कुत्रा थांबला तर शेळ्या टिकतात. हे चक्र कुठून तरी सुरू करायला हवे. आपण ते गोठ्याच्या दारापासून सुरू करू या.

बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. 'दार', 'लस' आणि 'राखणदाराचा पगार' असे तीन रकाने आहेत. 'पिल्लू' हा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही. पिल्ले वाडीतच मिळतील.